पाइप गरम असताना नळी काढू नये

पाइप ओढणारी माणसं आमच्या केज तालुक्यात कधीच बोटांवर मोजण्यापलीकडं गेली नाहीत, आणि त्यांच्या नळ्या बसवून देणारा मी एकटा. त्यामुळं या कामात पहिला नंबर माझा आणि शेवटचाही माझाच. या अंकाच्या संपादकांनी 'धंद्यातले अनुभव लिहा' म्हटल्यावर बायको म्हणाली, "पलंगाच्या पायांचं लिहा. त्या नळ्यांचं नाव नका काढू." तिचं चुकलं नाही. आमचं पोट भरलं ते पलंगाच्या पायांवर, लाटण्यांवर आणि पाळण्याच्या गुंड्यांवर. पण लिहायला बसलो की लाटण्याबद्दल काय लिहायचं तेच सुचत नाही.

मी खरादी. म्हणजे लाकूड यंत्रावर गरागरा फिरवायचं, त्याला पटाशी लावायची आणि गोल उतरवायचं. दुकान बाजारतळाच्या कडेला. तरुणपणी हैदराबादेत एका उस्तादाच्या हाताखाली होतो. उस्ताद हुक्क्याच्या नळ्या, काठ्यांच्या मुठी, शाईच्या पेनांची टोपणं असलं नाजूक काम करायचे. जुन्या जमान्यातले म्हातारे साहेब लोक त्यांच्याकडं पाइप घेऊन यायचे. उस्ताद एखादा पाइप हातात घेऊन नुसतं फुंकायचे आणि सांगायचे, "साहब, आप जल्दबाज हो." मला तेव्हा ती जादू वाटायची. पुढं कळलं की जादूबिदू काही नाही, नळी बघितली की दिसतंच.

पाइप म्हणजे काय, ते आधी सांगतो, नाही तर पुढचं समजायचं नाही. पाइपाचे तुकडे दोन. एक लाकडाचा. तंबाखू भरायची वाटी आणि तिला जोडूनच आलेला दांडा. हे लाकूड म्हणजे ब्रायर नावाच्या परदेशी झुडपाच्या मुळाची गाठ. ती सहसा जळत नाही, नुसती तापते. दुसरा तुकडा म्हणजे तोंडात धरायची नळी. जुन्या पाइपांची नळी एबोनाइटची, म्हणजे कडक केलेल्या रबराची असायची. आपल्या जुन्या शाईच्या पेनांचं काळं अंग असायचं ना, तेच. घासलं की गंधकाचा वास येतो, उन्हात राहिलं की शेवाळी रंग चढतो. नळीच्या टोकाला एक बारीक खुंटी असते, ती दांड्याच्या भोकात जाऊन बसते. ना खिळा, ना गोंद. सगळी करामत त्या बसण्यात. सैल बसली तर नळी गळून पडते, जास्त घट्ट बसली तर दांडा चिरतो.

आणि पहिला नियम असा, की पाइप गरम असताना नळी काढायची नाही. ओढताना आत वाफ धरते, लाकूड फुगतं, भोक आवळतं. वरून एबोनाइट तापून नरम पडलेलं. अशात हिसका दिला की खुंटी आतच तुटून राहते. तुटली नाही तर दर वेळी थोडी थोडी खरवडते आणि मग सैल होते. सबुरीच्या माणसाची खुंटी वर्षानुवर्षं गुळगुळीत राहते, उतावळ्याची लगेच कळते. उस्तादाची जादू ती एवढीच.

गिऱ्हाइकं मोजकी, पण एकेक नमुना. कडा गावाकडचे एक निवृत्त शेतकी अधिकारी होते. त्यांच्या सुनेनं दिवाळीच्या साफसफाईत तांब्या-पितळेच्या भांड्यांबरोबर सासऱ्याचा पाइपही उकळत्या पाण्यात टाकला आणि चिंच-राख लावून घासला. नळीचा रंग उडाला तो उडालाच, शिवाय वाकडी नळी सरळ होऊन बसली. एबोनाइटची नळी मुळात सरळ कांडीच असते, तापवून वाकवतात. पुन्हा तापली की ती आपली पहिल्यासारखी. सासरेबुवा माझ्या दुकानात बसून म्हणत होते की सुनेनं मुद्दाम केलं. मी म्हणालो, "साहेब, तिनं भांडी घासली, आणि तुमी सांगितलं नव्हतं की हे भांडं न्हाई." तापलेल्या वाळूत धरून नळी पुन्हा वाकवून दिली. पुढच्या दिवाळीला साहेब पाइप खिशात घालूनच हिंडत होते म्हणे.

दुसरा शिरूर कासारचा एक ऊसतोड मुकादम. त्याला कारखान्यावरच्या कुणा साहेबानं जुना पाइप दिला होता. टोळी ट्रकमध्ये भरताना हा मधोमध पाइप धरून उभा राहायचा, लोकांवर वजन पडावं म्हणून. नळी सारखी गळून पडायची, मग गड्यानं काय करावं, पक्का गोंद लावून ती कायमची चिकटवून टाकली. आला आणि म्हणाला, "काय बे मिस्तरी, तोंडात कडूजहर पाणी येतंय, बघ की जरा." मी म्हणालो, "आतून साफ कधी केला?" तर म्हणतो, "आतून? ही नळी काढायची असती व्हय?" ती नळी मला भोक पाडून काढावी लागली. हसू येतं अजून. पण हा निदान भोळा होता, आपल्याला कळत नाही हे कबूल करणारा होता. ज्यांना सगळं कळत होतं, त्यांची गोष्ट सांगतो.

आप्पासाहेब. हे त्यांचं खरं नाव नाही आणि गावाचं नावही मी सांगणार नाही. आमच्याच तालुक्यातले मोठे जमीनदार, पंचायत समितीच्या राजकारणात मुरलेले, हैदराबादेत वकिली शिकून आलेले पण वकिली न केलेले. पाइपाची सवय तिथलीच. त्यांचा स्वभाव असा, की ते कुणाला तोंडावर 'नाही' म्हणत नसत. ओसरीवर बैठक भरायची. कुणी शिफारस मागायला यायचं, कुणी बांधाच्या भांडणात मध्यस्थी मागायला, कुणी तिकीट. आप्पासाहेब पाइप ओढत ऐकून घ्यायचे. काम होणार असेल तर पाइप तोंडात तसाच, नुसती मान हलायची. होणार नसेल तर ते पाइप खाली घ्यायचे, दोन बोटांनी नळी दांड्यातून उपसायचे आणि दोन्ही तुकडे समोरच्या तिवईवर शेजारी-शेजारी ठेवायचे. झालं. विषय संपला. माणूस उठून चपला घालायचा. सगळ्या तालुक्याला ही भाषा माहीत होती. लोक एकमेकांना विचारायचे, "काय झालं रं आप्पासाहेबांकडं?" आणि उत्तर मिळायचं, "नळी निघाली."

आता तुमच्या ध्यानात आलं असेल, हा बाबा गरम पाइपाची नळी दिवसातून कितीदा काढत असेल. निवडणुकीच्या दिवसांत तर विचारूच नका. खुंटी झिजायची, सैल व्हायची, आणि पाइप माझ्याकडं यायचा. मी खुंटीच्या भोकात तापलेली तार घालून ती जराशी फुगवून द्यायचो. पुन्हा काही दिवसांनी तेच. एकदा मी बोललो, "आप्पासाहेब, रागावू नका, पण गार होऊ देत जा, मग काढा."

ते हसले. "गार व्हईस्तोवर थांबलो तर समोरचा हो समजून उठून जातो, बे."

शेवटी खुंटी आतच तुटली आणि दांड्याच्या तोंडाला बारीक चीर गेली. तेव्हा मी त्यांना म्हणालो, याला आता फौजी बैठक करू, म्हणजे नळी फौजी तऱ्हेनं बसवू. हा प्रकार उस्तादानं शिकवलेला. पूर्वी गोऱ्या पलटणीतल्या शिपायांना पाइप चटकन सुटा करून खिशात घालावा लागायचा, गार व्हायची वाट बघायला वेळ कुठला. त्यासाठी ही रीत निघाली म्हणतात. दांड्याच्या तोंडावर चांदीची टोपी चढवायची, म्हणजे लाकूड चिरत नाही. नळीला वेगळी खुंटी ठेवायचीच नाही, नळीचं टोकच गाजरासारखं निमुळतं करायचं. ते नुसतं आत टेकवून जरा फिरवलं की बसतं, ओढलं की निघतं. गरम असो की गार.

यात एकच मेख असते, उताराची. टोक फार हळूहळू निमुळतं होत गेलं तर ते पाचर ठोकल्यासारखं आत धरून बसतं. निघता निघत नाही. एकदम निमुळतं केलं तर तोंडातल्या तोंडात गळून पडतं. या दोन्हींच्या मधलं माप हातानं आणायचं, ते कुठं लिहिलेलं नसतं. मी आप्पासाहेबांच्या पाइपावर जीव ओतला. चांदीची टोपी आमच्या गल्लीतल्या सोनाराकडून करून घेतली, एबोनाइटची कांडी हैदराबादेहून मागवली. नळी बसवून त्यांच्या हातात दिली, तेव्हा त्यांनी चार वेळा काढून-घालून बघितली आणि म्हणाले, "आता नाही म्हणायला मजा येईल."

त्यानंतरच्याच पावसाळ्यात त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. तिला इथं शालन म्हणतो.

शालनला मी लहानपणापासून बघितलेलं. हुशार पोरगी, बारावीला चांगले मार्क पडलेले, अंबाजोगाईला डी.एड.ला नंबर लागलेला. तेवढ्यात एक स्थळ आलं. मोठं घराणं, आणि मुलाच्या बापाच्या हातात चार-पाच गावांची मतं. मुलगा पितो, हात उगारतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बैठक ठरली. बैठकीत काय झालं हे मी दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलं, आणि पुष्कळ वर्षांनी तिच्या. पोरीनं आदल्या दिवशी बापाचे पाय धरले होते. आप्पासाहेब तिला म्हणाले होते, "तू काळजी कशाला करतीस? मी नळी काढतो. विषय संपला."

बैठक भरली. पोरगी दाराआड उभी. सोयऱ्यांनी सुपारीचा विषय काढला. आप्पासाहेबांनी पाइप तोंडातून खाली घेतला. सगळ्यांचे डोळे त्यांच्या हाताकडं. दोन बोटं नळीवर गेली. आणि तशीच राहिली. नळी निघाली नाही. मुलाचा बाप हसून म्हणाला, "चला, आप्पासाहेबांची नळी जागेवर हाय," आणि सगळे हसले, कुणीतरी सुपारी फोडली. पाइप परत तोंडात गेला.

त्या रात्री पोरीनं विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, "काढत व्हतो गं. अडकली. त्या मिस्तरीनं काय घट्ट करून ठेवली काय ठावं. मंडळींपुढं ओढाताण करत बसणं बरं दिसलं न्हाई."

हेच त्यांनी हळूहळू सगळ्यांना सांगितलं. पोरीचं सासरी धड झालं नाही, हे गावभर झाल्यावर तर जास्तच सांगितलं. आणि तालुक्याला काय, गंमत मिळाली. हॉटेलात चहा प्यायला बसलो की कुणी तरी म्हणायचं, "मिस्तरी, आमच्या पोरीचं जमंना, एखादा पाइप घट्ट करून द्या की." पाच माणसं हसायची. मी चहाचा कप ठेवून उठायचो. बायको चिडायची. "कावून ऐकून घेता? म्हणा की एकदा तोंडावर, माझं काम असं नसतंय."

पण मी म्हणू शकत नव्हतो. मला खात्री नव्हती. उतार हातानं आणलेला. पावसाळ्याचे दिवस, दमट हवा, पाइप तापलेला. एखाद्या केसाएवढा उतार कमी पडला असेल, चांदीच्या टोपीत नळी धरून बसली असेल, असं होऊ शकतं. एकदा धीर करून आप्पासाहेबांकडं गेलो, म्हणालो, "पाइप बघू द्या एकदा. माझं चुकलं असंल तर दुरुस्त करून देतो." ते म्हणाले, "राहू दे आता. मी पाइप सोडला." आणि खरंच त्यांनी तो परत कुणाच्या नजरेस पडू दिला नाही. लोक म्हणाले, बघा, पोरीच्या दुःखानं बापानं पाइप सोडला. मलाही तसंच वाटलं. मी घरी आलो आणि त्यानंतर फौजी बैठकीचं एकही काम घेतलं नाही. कुणी आणलंच तर पुण्याला पाठवा म्हणायचो.

एक गोष्ट मात्र मला तेव्हाही खटकायची आणि मी ती बायकोशिवाय कुणाजवळ बोललो नाही. अडकली तर अडकली. तोंड होतं ना? "नाही" एवढा शब्द उच्चारायला काय नळी लागते? पण तालुक्यातल्या मोठ्या माणसाबद्दल असं बोलणं मला झेपलं नसतं, आणि खरं सांगायचं तर ज्याचं माप चुकलं असेल त्यानं दुसऱ्याला काय बोलावं, असंही वाटायचं.

शालन सासरी काही वर्षं राहिली. मग अंगावर वळ घेऊन परत आली, ती बापाच्या गावी गेलीच नाही. केजमध्येच दोन खोल्यांत राहिली, अंगणवाडीत लागली. रस्त्यात दिसली की "काका, बरं हाय का?" विचारायची. तिनं मला कधी दोष दिला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं.

आता अलीकडचं. आप्पासाहेबांना अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. मुलं पुण्याला, त्यांचे संसार, त्यांच्या अडचणी. शेवटी शालननंच त्यांना आपल्या दोन खोल्यांत आणलं. त्याच्यानंतर काही दिवसांनी एका सकाळी ती माझ्या दुकानात आली. मी आता यंत्रावर फारसा बसत नाही, मुलगा ॲल्युमिनियमच्या खिडक्या करतो, पण माझी पटाशी आणि माझा कोपरा त्यानं ठेवलाय. तिनं पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला पाइप काढून माझ्यापुढं ठेवला. गावाकडच्या कपाटात सापडला म्हणाली.

"काका, हा बघा," ती म्हणाली. "त्या दिवशी खरंच अडकला व्हता का, एवढं सांगा."

मी म्हणालो, "आता कशाला ताई? इतकी वर्षं झाली."

"मी त्यांचं सगळं करते. अंघोळ, भरवणं, कपडे बदलणं. त्यांना इचारलं तर त्यांना बोलता येत न्हाई, नुसतं डोळ्यांतनं पाणी येतंय. ते पाणी कशाचं, कसं कळावं?" तिनं फडक्याची घडी घालून पाइपाशेजारी ठेवली. "करायचं तर हायच मला. दुसरं कोण हाय त्यांना? पण मनापासून करायचं का उगं करायचं, एवढं कळू द्या. अडकला असंल तर त्यांनी माझ्यासाठी हात घातला व्हता. मग मनापासून करीन."

पाइप ठेवून ती अंगणवाडीला गेली. सुटल्यावर येते म्हणाली.

मी नळी बघितली. बघताच अर्धं कळलं. निमुळतं टोक जर कधी आत आवळून धरलं गेलं असतं, तर त्यावर गोल ओरखडे उठले असते, आणि जोर लावला असता तर चांदीच्या टोपीखाली लाकडाला चीर तरी दिसली असती. काही नव्हतं. मी चढवलेली चकाकी तशीच्या तशी होती. पण नुसत्या डोळ्यांवर मला भरवसा ठेवायचा नव्हता. तंबाखू केजात कुठली मिळायची पाइपाची, बिडीची तंबाखू चुरून भरली. मी आयुष्यात ओढलेली नाही. दोन झुरक्यांत खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं. बायको आतून येऊन म्हणाली, "या वयात ही काय थेरं?" मी हातानंच तिला गप्प केलं. वाटी हाताला चटका बसेल इतकी तापू दिली आणि नळी ओढली. निघाली. परत बसवली, परत झुरके घेऊन वाटी आणखी तापवली, नळी पिळून घट्ट बसवली आणि ओढली. निघाली. मुद्दाम तोंडातली लाळ लावून ओली करून बसवली. तरी निघाली. पोराटोराच्याही हातानं निघाली असती.

म्हणजे माझं माप चुकलेलं नव्हतं. आप्पासाहेबांनी बोटं ठेवली होती, ओढलंच नव्हतं.

इतकी वर्षं मी ज्याच्यासाठी झुरलो ते उत्तर माझ्या हातात होतं. माझं काम खरं निघालं होतं. आता हॉटेलात जाऊन टेबलावर पाइप ठेवता आला असता, काढा रे एकेकानं, म्हणता आलं असतं. आणि माझं काम बरोबर निघाल्याचं इतकं वाईट मला जन्मात कधी वाटलं नव्हतं. देवा, एखादा केसभर उतार कमी पडला असता तर काय बिघडलं असतं, असं मनात आलं.

तेवढ्यात ती दारात. अंगणवाडी लवकर सुटली होती. पाइप माझ्या हातात, दुकानभर धूर. तिनं बघितलं, आणि काही न विचारता नुसती उभी राहिली.

मी आधीपासून काही ठरवलं नव्हतं. तोंडातून निघालं, "अडकतोय ताई. गरम झाला की धरून बसतोय. माझंच माप चुकलं व्हतं. आप्पासाहेबांनी ओढला असंल, पण निघाला नसंल."

ती पुढं आली. माझ्या हातातून पाइप घेतला. "अजून गरम हाय की," म्हणाली. डाव्या हातात वाटी पदरानं धरली, उजव्या हाताची दोन बोटं नळीवर ठेवली आणि ओढली. नळी आवाज न करता तिच्या हातात आली.

मी यंत्राकडं बघत राहिलो. तिच्या तोंडाकडं बघायची माझी हिंमत नव्हती. तिनं नळी परत दांड्यात बसवली, जरा फिरवून, अगदी जशी बसवावी तशी. पाइप फडक्यात गुंडाळला.

"बरं झालं काका, तुमी खरं सांगितलं," ती म्हणाली. "जाते. आप्पांना भरवायची वेळ झाली."

मी तिला चहासुद्धा विचारला नाही. ती गेल्यावर बायको म्हणाली, "खोटं बोललात, आणि तेही धड जमलं न्हाई."

आप्पासाहेब त्यानंतरही बरेच दिवस काढून गेल्या साली वारले. त्यांच्या दहाव्याला मोठमोठी माणसं आली होती, भाषणं झाली, कुणीतरी 'आप्पासाहेबांची नळी' हा किस्साही सांगितला आणि लोक हसले. शालन बायकांत बसली होती. माझ्याकडं एकदोघांनी वळून बघितलं. मी मान खाली घातली, त्यांना वाटलं असेल जुन्या चुकीपायी घातली.

या अंकासाठी लिहायचं ठरल्यावर मी तिला विचारायला गेलो. म्हटलं, तुझी गोष्ट आहे, नको म्हणालीस तर लाटण्यांवर लिहीन. तिनं चहा ठेवला. म्हणाली, "लिहा. नावं तेवढी बदला. तुमच्यावरचा बट्टा कावून राहू द्यायचा?" खोलीत ज्या कोपऱ्यात आप्पासाहेबांची खाट होती तिथं आता तिनं शिलाई मशिन ठेवलंय.

चहा पिऊन झाला तरी मला उठवेना. पाइप घेऊन आली त्या सकाळी ती दुकानात जे बोलली होती ते माझ्या डोक्यातून गेलेलं नव्हतं. शेवटी विचारलंच. "ताई, मग झालं का गं मनापासून?"

तिनं कपबशा उचलल्या. मोरीपाशी गेली, पाण्याखाली धरल्या, आणि माझ्याकडं पाठ करूनच म्हणाली, "न्हाई काका. मनापासून न्हाई झालं. पण नीट केलं. शेवटपर्यंत त्यांच्या पाठीला एक जखम होऊ दिली न्हाई."